मांजराची लव काय सांगते?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत मांजरावर भाषण आहे, हे ऐकून काही जणींना हसू आले असेल. हसायला माझी हरकत नाही. ह्या व्यासपीठावरून आजवर बालसंगोपन झाले, पाककृती झाल्या, आरोग्यावरची व्याख्याने झाली. मांजराची पाळी आज प्रथमच आली. परंतु घोडनदीच्या काठचे शिरूर घ्या की भीमेच्या काठचे दौंड घ्या, ज्या घराच्या उंबऱ्यावर कधी मांजर येऊन बसले नाही असे घर विरळाच. घरात ज्वारी-बाजरीची पोती आली की मागोमाग उंदीर येतो आणि उंदरामागून मांजर येते. दौंडच्या रेल्वे वसाहतीत पोती नसली तरी मांजर आहेच. आणि घरातले कोणी काहीही म्हणो, ते घुटमळते बाईच्याच पायांत. त्याचे दूध, त्याची पिल्ले, त्याने पांघरुणावर सांडलेले केस, सारे निस्तरायचे आपणच. तेव्हा विषय आपलाच आहे.

आपल्यापैकी कित्येकींच्या तोंडून मी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत ऐकली आहे. कोणी म्हणते, ‘आमच्या मनीची लव रेशमासारखी होती, ती आता काथ्यासारखी झाली.’ कोणी म्हणते, ‘काळाभोर बोका तांबूस पडला.’ कोणाच्या मांजराच्या पाठीवर जटा झाल्या, कोणाच्या मांजराच्या कपाळावर रुपयाएवढे टक्कल पडले. आणि तक्रारीच्या शेवटी प्रश्न ठरलेला: ‘हिला काय लावावे?’ भगिनींनो, आज मला सांगायचे ते एवढेच, की ‘काय लावावे’ हा प्रश्न दुसरा आहे. ‘असे का झाले’ हा पहिला. पहिल्याचे उत्तर मिळण्याआधी दुसऱ्याच्या मागे लागल्यामुळे पुष्कळ मांजरे हकनाक मरतात.

आधी ही लव असते कशी ते पाहू. मांजराच्या अंगावर एकाच जातीचे केस नसतात. सगळ्यांत वर लांब, सरळ आणि किंचित राठ केस असतात. ते ऊन, पाऊस, धूळ अडवतात. त्यांच्याखाली मधल्या जाडीचे केस आणि अगदी कातडीलगत मऊ, बारीक लव. थंडीत ऊब देते ती ही खालची लव. कातडीतून थोडासा तेलकट अंश सुटतो, तो जिभेने सगळ्या अंगभर पसरला जातो आणि केसांना चकाकी येते. म्हणजे लव चांगली राहायला तीन गोष्टी लागतात: केस घडवायला पुरेसे अन्न, तेल सोडणारी निरोगी कातडी आणि रोज अंग चाटण्याइतकी तब्येत. तिन्हींपैकी एक बिघडली, की लव बिघडलीच म्हणून समजावे.

सगळेच बदल मात्र रोगाचे नसतात. लहान पिल्लाच्या अंगावर कापसासारखी मऊ लव असते. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास ती जाऊन मोठेपणाचे केस येऊ लागतात. त्या काळात पिल्लू विस्कटलेले, दुरंगी दिसते, घाबरू नये. गाभण मांजरीला ताप येऊन गेला असेल तर कधी कधी पिल्ले राखी, रुपेरी लवेची जन्मतात आणि काही महिन्यांत आपल्या मूळ रंगावर येतात. व्यायल्यावर व पिल्ले अंगावर पीत असताना मांजरीची लव विरळ होते. तिच्या अंगातले सत्त्व दुधावाटे जात असते, तिला तेव्हा दुप्पट खायला घालावे.

ऋतूप्रमाणेही लव बदलते. तिचे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. दिवस मोठा होऊ लागला की थंडीची दाट लव झडू लागते. फाल्गुन-चैत्रात तुमच्या सतरंजीवर केसच केस दिसतात ते ह्यामुळे. पावसाळा सरल्यावर पुन्हा थोडी झड होते. जी मांजरे दिवसरात्र घरात, विजेच्या दिव्याखाली राहतात त्यांचे हे घड्याळ गोंधळते आणि ती बारा महिने थोडे थोडे केस गाळतात. केस सगळीकडून सारखे जात असतील, खालची कातडी स्वच्छ असेल आणि मांजर खातपीत, खेळत असेल तर ती नुसती झड. एकाच जागी टक्कल पडत असेल, खाज असेल, खपली असेल तर तो रोग.

काही बदल जन्माचेच असतात. गावठी आईबापांच्या पोटी एखादे लांब केसांचे पिल्लू निघते आणि घरोघर तर्क सुरू होतात. लांब केसांचा गुण दोघांच्याही रक्तात झाकून राहिलेला असतो. दोन्हींकडून एकत्र आला की उघडा पडतो, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यात १९५० साली साध्या मांजरीच्या पोटी एक कुरळ्या केसांचे पिल्लू जन्मले आणि त्याच्यापासून कुरळ्या मांजरांची एक जातच पुढे निघाली. ते केस आजाराचे नव्हते. परंतु जन्मतः सरळ असलेले केस मोठेपणी राठ किंवा पिंजारलेले झाले, तर त्याचे कारण अन्नात नाहीतर तब्येतीत शोधावे लागते.

आता अन्नाकडे वळते, कारण आपल्या भागात बिघडलेल्या लवेचे पहिले कारण मला तिथेच दिसते. आपण मांजराला काय घालतो? दूध-भाकरी, दूध-पोळी, उरलेला भात. मांजर आवडीने खाते, म्हणून आपल्याला वाटते की त्याचे पोट भरले. पोट भरते, पण अंगाला लागत नाही. कुत्रा माणसाबरोबर राहून भाकरीवर पुष्कळसा जगायला शिकला; मांजर शिकले नाही. ते मुळातच मांसावर जगणारे जनावर आहे. गाजरातला रंगद्रव्याचा अंश आपले शरीर अ जीवनसत्त्वात बदलते, मांजराचे शरीर तसे करू शकत नाही. त्याला ते जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच तयार मिळावे लागते. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. मांजराला प्रथिन कमी पडले की शरीर आधी काळीज आणि स्नायू सांभाळते आणि केसांचा वाटा तोडते. मग लव राठ होते, कोंडा पडतो, झडलेले केस परत यायला महिने लागतात.

काळ्या बोक्याच्या तांबूस होण्याचेही असेच आहे. उन्हात सतत बसल्याने काळा रंग थोडा उडतो, हे खरे. परंतु २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की आहारात टायरोसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी पडला तर काळ्या मांजराचे केस तांबूस तपकिरी उगवतात आणि तो घटक पुरेसा दिला की नवे केस पुन्हा काळे येतात. काळा रंग घडतोच ह्या घटकापासून. तेव्हा बोका तांबडा पडला तर त्याची थाळी आधी पाहावी.

ह्याहून गंभीर गोष्ट टॉरिन नावाच्या द्रव्याची. मांजराला ते पुरेसे बनवता येत नाही, मांसातूनच घ्यावे लागते. ते मिळाले नाही तर डोळ्याचा पडदा झिजून मांजर आंधळे होते, हे १९७५ साली कळले. आणि काळीज सैल व मोठे होऊन ते दगावते, हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील पशुवैद्यांनी दाखवून दिले. लव बिघडलेली आपल्याला दिसते. डोळा आणि काळीज आतून बिघडत असते ते दिसत नाही. म्हणून राठ लव ही पहिली सूचना समजावी.

मग घालावे काय? चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. कोंबडीचे मांस बिनमसाल्याचे, बिनमिठाचे उकडून बारीक करून द्यावे. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून उकडलेले पाणी फेकू नये, तेही त्यातच घालावे. काळजाचा तुकडा चांगला. यकृत आठवड्यातून एखादे वेळीच आणि थोडे, कारण अ जीवनसत्त्व फार झाले तर हाडे जखडतात. अंडे उकडलेले द्यावे. कच्चा पांढरा बलक रोज दिला तर केसांना लागणारे एक जीवनसत्त्व तो अडवून धरतो. दौंडकडच्या भगिनींना उजनीच्या फुगवट्यातली चिलापी, रोहू सहज मिळते. ती काटे काढून, शिजवून द्यावी, पण रोज नुसती मासळीही नको. सुका बोंबील, सुकट फार खारट, ती चवीपुरती. आमटी-रस्सा कालवून देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताचा नाश करतात. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनी संकोच न बाळगता मांजरासाठी म्हणून मिळणारे पाकिटातले खाणे आणावे. त्यात टॉरिन घातलेले असते. नुसत्या घरच्या मांसावर वाढवायचे असेल तर चुना वगैरे कमी पडू नये म्हणून डॉक्टरांना विचारून घ्यावे. कुत्र्याचे खाणे मांजराला घालू नये, ते पुरत नाही. दुधाविषयी सांगायचे तर मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना ते पचत नाही. ज्याला ढाळ होते त्याचे दूध बंद करून पाण्याची वाटी भरून ठेवावी.

अन्न सुधारल्यावर लव दुसऱ्या दिवशी चमकत नाही. जुना केस तोच राहतो, नवा केस चांगला येतो. दीडदोन महिने धीर धरावा.

दुसरे कारण जिभेचे. आपल्या उसात मुक्काम ठोकणारा बिबट्या ह्याच कुळातला, आणि त्याची जीभ जशी खरखरीत तशी आपल्या मनीची. त्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. अमेरिकेत जॉर्जिया येथील संशोधकांनी २०१८ साली दाखवले, की ह्या काट्यांच्या टोकाला पळीसारखी पोकळी असते आणि तिच्यातून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. म्हणजे मांजराच्या तोंडात निसर्गाने फणी आणि पाणी एकत्र ठेवले आहे. मांजराने अंग चाटायचे सोडले, की समजावे काही तरी दुखते आहे.

म्हातारे मांजर सांधे धरल्यामुळे पाठीकडे वळू शकत नाही. त्याच्या कमरेवर केस चिकटून गुठळ्या होतात. लठ्ठ मांजराचे तेच. दात किडले, हिरड्या सुजल्या की ते चाटणे टाळते आणि त्याच्या तोंडाला वास येतो. ताप, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, गळ्यातील ग्रंथीचा विकार, ह्या सगळ्यांत लव निस्तेज आणि उभी राहिलेली दिसते. दहाबारा वर्षांचे मांजर एकाएकी पाणी फार पिऊ लागले, खाऊनही वाळू लागले आणि लव पिंजारली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. वय हा रोग नव्हे.

उलट काही मांजरे फार चाटतात. पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू चाटून चाटून उघडी करतात. त्यामागे बहुधा खाज असते; कधी कधी मनाचा त्रासही असतो. घरात नवे बाळ आले, घर बदलले, दुसरे मांजर आणले, लग्नकार्याची गर्दी झाली, की अबोल जनावर आपल्या अंगावर राग काढते. त्याला एक शांत कोपरा, ठरल्या वेळी खाणे आणि रोजची थोडी माया द्यावी. मात्र आधी पिसू नाही ह्याची खात्री करावी.

आता त्या पिसवांकडेच येते. पिसू ओळखायची सोपी रीत आहे. मांजराला पांढऱ्या कपड्यावर उभे करून बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरावे. काळे बारीक कण पडले तर ते ओल्या कापसावर घ्यावेत. कापसावर तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. माती असेल तर तांबूस होणार नाही. काही मांजरांना पिसूच्या लाळेचे इतके वावडे असते, की एका चाव्याने पाठभर बारीक खपल्या उठतात. हात फिरवला तर बाजरीचे दाणे पसरल्यासारखे लागते. पाश्चात्त्य वैद्यकातही ह्या विकाराचे नाव बाजरीच्या जातीच्या धान्यावरूनच पडले आहे. पिसू गिळल्याने मांजराच्या पोटात पट्टकृमी होतात. शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसले तर ते कृमीचे तुकडे होत. अंगावरच्या पिसवा म्हणजे घरातल्या पिसवांचा थोडका भाग. अंडी आणि अळ्या गोधडीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत असतात. म्हणून मांजराचे अंथरूण कढत पाण्याने धुऊन कडक उन्हात टाकावे, कोपरे रोज झाडावेत. मांजराला मात्र डॉक्टरांनी मांजरासाठीच दिलेले औषध.

कानांच्या कडांवर, कपाळावर जाड राखी पापुद्रे धरले आणि मांजर ओरबाडू लागले, तर ती सूक्ष्म किड्यांची खरूज. तिला आपण लूत म्हणतो. गोल टक्कल, कडेला तुटके केस आणि पांढरा कोंडा असे दिसले तर ते बहुधा गजकर्ण. हे गजकर्ण माणसांना, विशेषतः लहान मुलांना, चटकन लागते आणि त्याचे बीज अंथरुणात, फणीत महिनोन्महिने टिकते. मांजराला वेगळ्या खोलीत ठेवावे, हात लावल्यावर साबणाने धुवावेत, मुलाच्या अंगावर गोल चट्टा दिसला तर त्यालाही डॉक्टरांकडे न्यावे. दुकानात सहज मिळणारे ‘खाजेचे मलम’ मांजराला किंवा मुलाला चोळू नये. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज दबते आणि बुरशी फोफावते.

आपल्या पर्जन्यछायेच्या भागातली आणखी एक पीडा म्हणजे कुसळ. माळावर, बांधावर गवत वाळले की कुसळे आणि गोखरू लवेत अडकतात. त्यांच्याभोवती गुंता होतो, टोक कातडीत रुतते आणि जागा पिकते. मांजर बाहेरून आले की कान, काख, बोटांच्या बेचक्या एकदा बोटांनी चाचपाव्यात. गुंता असेल तर बोटांनी हळूहळू सोडवावा. कात्री लावू नये. मांजराची कातडी फार पातळ असते, ती गुंत्याबरोबर वर येते आणि कापली जाते. हाताने न सुटणारी जट डॉक्टरांनी यंत्राने काढलेली बरी.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीशी आले. आपण तिला लावतो काय? कोणी खोबरेल लावते, कोणी कडुलिंबाचे तेल, कोणी कापूर कुटून घालते, कोणी पाण्यात फिनेल टाकून न्हाऊ घालते, कोणी रॉकेलचा बोळा फिरवते. गोठ्यात गायी-म्हशींच्या गोचिडांसाठी आणलेले औषध असते, ‘तेच थोडे पातळ करून मनीला’ असाही विचार होतो. कुत्र्याच्या मानेवर सोडायचे थेंब मांजराला सोडले जातात. भगिनींनो, एक गोष्ट मनात पक्की धरा: मांजराच्या अंगावर जे लावाल ते ते चाटून पोटात घेईल. गाय, कुत्रा ह्यांच्या बाबतीत जे बाहेर राहते ते मांजराच्या बाबतीत आत जाते. आणि आत गेल्यावर त्याचा निचरा करण्याची जी सोय इतर जनावरांच्या यकृतात असते, तिचा एक मोठा भाग मांजराच्या यकृतात नाही. फिनेलमधली द्रव्ये त्याच्या अंगात साठतात. गोचिडांच्या आणि कुत्र्यांच्या पिसवांच्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ह्या जातीची विषे असतात. त्यांनी मांजराला कंप सुटतो, आचके येतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर ते मरते. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटताना ते फुप्फुसात उतरते. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. खोबरेलाने विष होत नाही, पण लवेवर धूळ बसते, जटा वाढतात आणि मूळ कारण तसेच राहते. चुकून असे काही लागलेच आणि मांजर थरथरू लागले, लाळ गाळू लागले, तर पुढचे घरगुती उपाय न करता औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. डॉक्टरांना बाटलीवरचे नाव मिळाले की अर्धे काम होते.

ह्या उपायांच्या मुळाशी पुष्कळदा भीती असते. मांजराचा केस मुलाच्या पोटात गेला की दमा होतो, असे आपल्याकडे फार मानतात, आणि केस झडू लागले की घरातली वडील माणसे ‘आता हे नको’ म्हणतात. खरी गोष्ट अशी, की काही माणसांना मांजराचे वावडे असते, पण ते केसाचे नसते. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात एक प्रथिन असते, ते वाळून धुळीबरोबर उडते आणि ज्याला त्याचे वावडे आहे त्याला शिंका येतात, धाप लागते. घरात खरोखर दम्याचा रोगी असेल तर मांजर त्याच्या अंथरुणापासून दूर ठेवावे, ओल्या फडक्याने फरशी पुसावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सगळ्यांनी घाबरायचे कारण नाही. गरोदर स्त्रियांना ज्या जंतूची भीती सांगतात तो लवेत नसतो, मांजराच्या विष्ठेत असतो. त्या दिवसांत मांजराची घाण दुसऱ्याने काढावी आणि मातीत काम केल्यावर हात धुवावेत. मांजर चावले किंवा ओरबाडले मात्र कधीही हयगय करू नये. जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे, कारण पिसाळण्याचा रोग मांजरांनाही होतो. घरच्या मांजराला त्याची लस दरवर्षी टोचून घ्यावी.

षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानले आहे, मांजर मारणे हे आपल्याकडे मोठे पाप समजतात. पण लूत लागलेले मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येणे, हे पाप कोणाला वाटत नाही. जे जनावर तुमच्या घरच्या वाटीवर वाढले ते अनोळखी माळावर भुकेने मरते. जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या कायद्यानेही गुन्हा आहे. मांजरे फार होतात ही अडचण खरी. तिच्यावर उपाय शस्त्रक्रियेचा आहे. पाचसहा महिन्यांच्या वयात ती करून घेतली तर मांजरीचे वर्षातून दोनतीनदा पिल्ले देऊन झिजणे थांबते, आणि बोक्यांच्या मारामाऱ्या व त्यांतून पिकणाऱ्या जखमा पुष्कळ कमी होतात. शस्त्रक्रियेच्या जागेची लव परत यायला दोनतीन महिने लागतात, एवढेच.

शेवटी रोजच्या निगेचे थोडक्यात सांगते. आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून दोनदा पाच मिनिटे, केसांच्या दिशेने विंचरावे. झडीच्या दिवसांत रोज. लांब केसांच्या, ज्यांना पर्शियन म्हणून आता शहरगावांतून आणतात, त्यांना रोजच विंचरावे लागते आणि आपल्या वैशाख-वणव्यात सावलीची, पंख्याची सोय लागते. ती होणार नसेल तर असे मांजर आणू नये. विंचरलेले केस पोटात जात नाहीत, म्हणून केसांचे गोळे ओकणेही कमी होते. मांजर हरळी खाते ते खाऊ द्यावे. निरोगी मांजराला न्हाणीची गरज नसते. अंग घाणीने भरलेच तर कोमट पाणी आणि मांजरासाठीचा साबण वापरून, नीट पुसून उबेत ठेवावे. विंचरताना हात सगळ्या अंगावरून फिरवावा; गाठ, खपली, टक्कल, दुखरी जागा हाताला आधी कळते.

आणि डॉक्टरांकडे केव्हा न्यावे? टक्कल पडले, खाजवून रक्त आले, जखम पिकली, वजन उतरले, किंवा मांजर एक दिवसाहून अधिक उपाशी राहिले तर. उपाशी मांजराचे यकृत फार लवकर बिघडते, ‘दोनचार दिवस पाहू’ हे त्याच्या बाबतीत चालत नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या गावी जनावरांचे सरकारी दवाखाने आहेत. तिथे गुरांची गर्दी असते म्हणून मांजर नेायला संकोचू नये. झाकणाच्या टोपलीत जुने पातळ घालून न्यावे आणि काय खाते, काय लावले, केव्हापासून हे झाले, ते सरळ सांगावे.

मांजर बोलत नाही. बोलले असते तर ‘माझे दात दुखतात’, ‘मला भाकरी पुरत नाही’ असे आपल्याला ऐकू आले असते. त्याच्या वतीने त्याची लव बोलते. घरातल्या लेकरांचा चेहरा पाहून त्यांना बरे नाही हे ओळखणाऱ्या आपण बायका. ही भाषा आपल्याला अवघड जायची नाही. आज घरी गेल्यावर उंबऱ्यावरच्या मनीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून पाहा, आणि उद्यापासून तिच्या वाटीत भाकरीबरोबर उकडलेल्या अंड्याचा तुकडा पडू द्या.